शेअर स्वस्त आहे, पण विकणारा कोण आहे?

ठाण्यात नौपाड्याला आमचा गुंतवणुकीचा एक छोटा अभ्यासगट जमतो. ऐरोलीला आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाने तिथे लेखी प्रश्न दिला. त्याचा गोषवारा असा: "मॅडम, बाजार काही सगळीकडे कार्यक्षम नसतात, चांगल्या कंपन्याही चुकीच्या भावाला मिळतात, असं वाचतो. मी स्क्रीनर लावला तर जपान, कोरिया, हाँगकाँगमध्ये बुक व्हॅल्यूच्या निम्म्या भावाला, पाच-सहाच्या पी/ईला ढिगाने कंपन्या सापडल्या. आपल्याकडच्या होल्डिंग कंपन्याही तशाच. महिन्याला २५ हजार बाजूला पडतात. हे सरळ घेत जावं का? नाही तर खरी स्वस्त गुंतवणूक शोधायची कशी?" मी बरीच वर्षं परदेशी फंडांसाठी कंपन्यांचं विश्लेषण केलं, म्हणून उत्तर माझ्याकडे आलं. बैठकीत पाच मिनिटांत आटपावं असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहून देते आहे. मी कुणाला शेअर सुचवत नाही; खाली येणारी कंपन्यांची नावं फक्त मुद्दा समजावण्यापुरती आहेत. नव्यांसाठी आधी चार शब्द: स्क्रीनर म्हणजे आकड्यांच्या अटी घालून शेअर गाळणारं साधन; बुक व्हॅल्यू म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी किंमत; पी/ई म्हणजे शेअरचा भाव दर शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा; आणि होल्डिंग कंपनी म्हणजे मुख्यतः दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेली कंपनी.

सरळ घेत जाऊ नका. स्क्रीनरने दिलेला आकडा ही तपासाची सुरुवात असते. प्रत्येक स्वस्त शेअरसमोर मी दोन प्रश्न लिहीत आले आहे. एक, या भावाला विकणारा का विकतोय? दोन, कंपनीत अडकलेली किंमत माझ्या हातात कोणत्या वाटेनं येणार? पहिल्याचं उत्तर मिळालं नाही, तर विकणाऱ्याला काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही असं मी धरून चालते. दुसऱ्याचं मिळालं नाही, तर शेअर कितीही स्वस्त असो, सोडून देते.

बाजार कार्यक्षम असतो की नसतो या वादात फार अडकू नका. अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी १९७० मध्ये कार्यक्षम बाजाराची, म्हणजे उपलब्ध माहिती भावात आधीच आलेली असते अशी, मांडणी केली. रॉबर्ट शिलर यांनी दाखवलं की शेअरचे भाव कंपन्यांच्या लाभांशाच्या मानाने कितीतरी जास्त हेलकावतात. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघांनाही मिळालं. मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडलं ते सँफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांचं १९८० मधलं म्हणणं. भावात सगळी माहिती आधीच आलेली असेल, तर माहिती जमवायला कुणी कष्ट आणि पैसे का घालेल? आणि कुणीच घातले नाहीत, तर ती भावात येईल कशी? म्हणून बाजारात चुका उरतात, पण साधारण तेवढ्याच, जेवढ्या कष्ट करणाऱ्याची मजुरी निघायला लागतात. मग कामाचा प्रश्न उरतो तो असा: कोणत्या कोपऱ्यात कष्ट करायला कमी लोक येतात, आणि का येत नाहीत?

तर पहिला प्रश्न, विकणारा. वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या गाळ्यावर सकाळ चढली की भाव पडतो, तेव्हा टोमॅटो वाईट असतोच असं नाही. माल उद्यापर्यंत टिकणार नसतो आणि गाळा रिकामा करायचा असतो. शेअर आणि रोख्यांच्या बाजारात अशी सक्तीची विक्री रोज कुठे ना कुठे चालू असते. म्युच्युअल फंडातून लोक पैसे काढतात, तेव्हा फंड मॅनेजरला आवडते शेअरही विकावे लागतात. प्रमोटरने, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मालकाने, गहाण ठेवलेले शेअर कर्ज देणारी संस्था बाजारात काढते. एखाद्या रोख्याचं मानांकन गुंतवणूक-योग्य श्रेणीखाली घसरलं की अनेक विमा कंपन्या आणि पेन्शन फंड नियमामुळेच तो ठेवू शकत नाहीत. या विक्रेत्यांनी कंपनीच्या किमतीचा विचार केलेलाच नसतो. तिथे तुमच्या अभ्यासाला भाव आहे.

डिमर्जर, म्हणजे कंपनीतला एखादा धंदा काढून त्याची वेगळी कंपनी करणं, हे याचं सगळ्यांना दिसेल असं उदाहरण. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा २० जुलै २०२३ च्या खास सत्रात तिचा भाव २६१.८५ रुपये ठरला. २१ ऑगस्टला शेअर बाजारात आला आणि ओळीने काही दिवस खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडता येईल त्या कमाल मर्यादेला, लागला. निफ्टी-सेन्सेक्सचा माग धरणाऱ्या इंडेक्स फंडांना तो निर्देशांकातून बाहेर पडताना विकायचाच होता. कंपनी चांगली की वाईट हा त्यांचा विषयच नव्हता. भाव २०० ते २१५ च्या पट्ट्यात आला. २०२४ च्या एप्रिलपर्यंत तोच शेअर ३५० च्या वर होता. यावरून प्रत्येक डिमर्जर झालेला शेअर घ्यावा असा अर्थ काढू नका. मोठ्या कंपन्या कित्येकदा नकोसा धंदा आणि सोबत कर्ज नव्या कंपनीच्या गळ्यात बांधतात. शिकायचं ते एवढंच की विक्रीचं कारण नियमात लिहिलेलं होतं, तारखेसकट, आणि ते कुणालाही वाचता येत होतं.

विक्री सक्तीची आहे की जाणत्या माणसाची, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला जाहीर होतो, बल्क आणि ब्लॉक डील, म्हणजे मोठे सौदे, रोज एक्स्चेंजवर टाकल्या जातात. एखाद्या परदेशी फंडाचा हिस्सा चार तिमाहींत ओळीने कमी होत शून्यावर आला आणि त्याच काळात प्रमोटर स्वतःच्या पैशांनी घेत होता, तर मी ती फाइल उघडते. प्रमोटरच थोडं थोडं विकत असेल तर बंद करते. एवढा साधा तपासही बरेच लोक करत नाहीत याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसरा कोपरा आकाराचा. दहा हजार कोटींच्या फंडाने एका शेअरमध्ये नुसता एक टक्का ठेवायचा म्हटला तरी १०० कोटी लागतात. ३०० कोटींच्या कंपनीत तो एवढे घालूच शकत नाही; घातले तर एक तृतीयांश कंपनी त्याचीच होईल आणि बाहेर पडायला वाट उरणार नाही. म्हणून तिकडे विश्लेषक फिरकत नाहीत. युरोपात २०१८ च्या जानेवारीपासून संशोधनाचे पैसे दलालीपासून वेगळे द्यायचा नियम आला आणि छोट्या कंपन्यांवर लिहिणारे आणखी कमी झाले. तुमच्या २५ हजारांना ही अडचण नाही. छोट्या गुंतवणूकदाराकडे असलेला हा मोठा फायदा आहे आणि तो आपण वाया घालवतो, कारण आपण सगळे त्याच पन्नास कंपन्या बघत बसतो ज्यांच्यावर जगभरचे विश्लेषक आधीच नजर ठेवून आहेत. काही नियमही मुद्दाम छोट्यांच्या बाजूने आहेत. टेंडर पद्धतीच्या बायबॅकमध्ये, म्हणजे कंपनी ठरलेल्या भावाला स्वतःचे शेअर परत घेते तेव्हा, दोन लाखांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांसाठी १५ टक्के राखीव असतात. मात्र २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यावरच्या कराची पद्धत बदलली आणि जुनं गणित मोडलं, म्हणून त्या वर्षीचे लागू नियम वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

चूक उघड दिसते आणि तरी तिचा फायदा घेता येत नाही, असंही होतं. नवख्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. २ मार्च २००० ला अमेरिकेत थ्रीकॉम या कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे थोडे शेअर विक्रीला काढले. उरलेले पामचे शेअर पुढे थ्रीकॉमच्या भागधारकांना, दर शेअरमागे साधारण दीड या हिशेबाने, मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला, म्हणजे थ्रीकॉमचा एक शेअर कमीत कमी १४२ डॉलरचा असायला हवा. तो होता सुमारे ८२ डॉलरला. बाजाराने थ्रीकॉमच्या उरलेल्या धंद्याची किंमत उणे ६० डॉलर लावली होती! गणित शाळकरी मुलाला जमेल असं, पण पाम शॉर्ट करायला, म्हणजे शेअर उसने घेऊन आधी विकायला, उसने शेअरच मिळत नव्हते, म्हणून तो भाव काही काळ तसाच राहिला.

आपल्याकडचं उदाहरण एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं. या होल्डिंग कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत. तिचे स्वतःचे एकूण शेअर फक्त दोन लाख. बुक व्हॅल्यू दर शेअरला काही लाख रुपये, आणि एक्स्चेंजवरचा भाव ३ रुपये ५३ पैसे. स्क्रीनरवर ही जगातली सर्वांत स्वस्त कंपनी दिसली असती. पण त्या भावाला विकणारा कुणी नव्हता. सर्किटच्या नियमामुळे भाव टप्प्याटप्प्यानेच वर जाऊ शकत होता, आणि लाखोंची वस्तू तीन रुपयांना कोण देईल? २०२४ च्या जूनमध्ये सेबीने अशा गुंतवणूक आणि होल्डिंग कंपन्यांसाठी किमतीची मर्यादा नसलेला खास लिलाव आणला. २९ ऑक्टोबरला बीएसईवर त्यात भाव निघाला २,२५,००० रुपये. बातम्यांतून लोकांनी ही एका दिवसातली अचाट कमाई म्हणून वाचली. खरं तर आदल्या दिवशी कुणालाच तो शेअर ३.५३ ला मिळाला नसता. ज्या भावाला सौदा होत नाही तो भाव हिशेबात धरू नका, हे मी तुम्हाला अगदी ठासून सांगेन. तुमच्या यादीतल्या प्रत्येक शेअरचा रोजचा सरासरी सौदा बघा, आणि तुम्हाला हवे तेवढे शेअर विकायला किती दिवस लागतील ते काढा.

एल्सिडचा लिलावातला भावही बुक व्हॅल्यूच्या निम्म्यापेक्षा कमीच होता. होल्डिंग कंपन्या बुक व्हॅल्यूपेक्षा स्वस्त का राहतात, याचं उत्तर माझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे. बजाज होल्डिंग्जकडे बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हचे शेअर आहेत, हे बाजाराला चांगलं ठाऊक आहे. तरी ती वर्षानुवर्षं त्या शेअरांच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळते. कारण मूळ शेअर विकले जाण्याची शक्यता नाही. समूहाचा ताबा त्यांच्यावर अवलंबून असतो. तुमच्या हाती येतो तो लाभांश. ५० टक्के सूट म्हणून घेतलं आणि दहा वर्षांनी विकतानाही सूट ५० टक्केच असेल, तर सूट तुमच्या कामाला आली नाही; मूळ कंपन्या वाढल्या तेवढंच मिळालं. ते वाईट नाही, पण स्वस्तात घेतल्याचा फायदा झाला असं म्हणता येणार नाही.

आता जपान, कारण तुमच्या यादीत सर्वांत जास्त कंपन्या तिथल्या आहेत. तिथला निक्केई हा निर्देशांक १९८९ च्या डिसेंबर अखेरीस ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा दिसायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात अशा कितीतरी जपानी कंपन्या होत्या ज्यांच्या तिजोरीतली रोकडच त्यांच्या बाजारमूल्याच्या जवळ होती. कर्ज नाही, हिशेब स्वच्छ, आणि शेअर बुक व्हॅल्यूच्या निम्म्याला. ज्यांनी २००३ मध्ये त्या घेतल्या त्यांचं विश्लेषण बरोबर होतं. पैसा मात्र बाहेर येत नव्हता. व्यवस्थापन रोकड धरून बसायचं, बँका आणि ग्राहक कंपन्या एकमेकींचे शेअर ठेवून एकमेकींच्या बाजूने मत द्यायच्या, आणि बाहेरच्या भागधारकाला कुणी विचारत नव्हतं.

मग काय बदललं? वाट उघडली, आणि तीही जाहीरपणे, टप्प्याटप्प्याने. २०१४ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांसाठी आचारसंहिता आली, २०१५ मध्ये कंपन्यांसाठी. ३१ मार्च २०२३ ला टोकियो शेअर बाजाराने कंपन्यांना भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव लक्षात घेऊन कारभार करा, बुक व्हॅल्यूच्या खाली असाल तर काय करणार ते सांगा, असं बजावलं. तेव्हा प्राइम या मोठ्या कंपन्यांच्या विभागातल्या जवळपास निम्म्या कंपन्या बुक व्हॅल्यूच्या खाली होत्या. २०२४ च्या जानेवारीपासून ज्या कंपन्यांनी योजना जाहीर केली त्यांची यादी बाजार दर महिन्याला छापू लागला. यादीत नाव नसणं ही जपानमध्ये मोठी नाचक्की. बायबॅक वाढले, एकमेकींचे शेअर विकले जाऊ लागले. वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवेने २०२० च्या ऑगस्टमध्येच इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या पाच व्यापारी कंपन्यांत प्रत्येकी पाच टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं होतं. त्यासाठी त्यांनी येनमध्ये अगदी कमी व्याजाचं कर्ज काढलं होतं. या पाच कंपन्या काही दडलेल्या नव्हत्या. सगळं जग त्यांना ओळखत होतं आणि सगळं जग त्यांना कंटाळलेलं होतं. कंटाळा हेही विकण्याचं कारण असतं, आणि माझ्या मते चांगलं कारण, कारण त्यामागे वाईट बातमी नसते.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. २०२१ च्या सुरुवातीला १०० येन म्हणजे साधारण ७० रुपये होते. २०२४ च्या मध्यावर ५२ च्या आसपास. शेअरमधल्या नफ्यातला मोठा वाटा चलनात गेला. बर्कशायरचं कर्ज येनमध्ये असल्याने त्यांना हा फटका बराचसा टाळता आला. तुम्हाला आणि मला तसं कर्ज मिळत नाही.

कोरियाचं दुखणं याहून खोल आहे. तिथल्या मोठ्या उद्योगघराण्यांना वारसा कर भरावा लागतो. त्याचा वरचा दर ५० टक्के, आणि ताब्याचे शेअर असतील तर त्याहून जास्त. कर शेअरच्या भावावर बसतो. म्हणजे पुढच्या पिढीकडे कंपनी सोपवायची असेल त्या घराण्याला भाव कमी राहिलेलाच हवा असतो! ज्याच्या हातात कारभार तोच भाव वाढू नये म्हणून बसला असेल, तर पी/ई चार असो की आठ, काय फरक पडतो? म्हणून २०२४ मध्ये सरकारने कंपन्यांचं मूल्य वाढवण्याचा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. २०२५ च्या जुलैमध्ये मात्र संसदेने कायदा बदलला आणि संचालकांचं कर्तव्य कंपनीइतकंच भागधारकांप्रतीही आहे असं त्यात लिहिलं. त्या वर्षी कोरियाचा बाजार जगातल्या सर्वांत जास्त वाढलेल्या बाजारांपैकी एक ठरला. तुम्ही स्क्रीनरवर जे आकडे बघता ते गेल्या वर्षीच्या नफ्याचे असतात. कायद्यातला बदल त्यात दिसत नाही. तो वाचावा लागतो.

स्वस्त राहण्याचं खरंखुरं कारण असतं, हे रशियाने दाखवलं. गाझप्रोमसारख्या कंपन्या कित्येक वर्षं अगदी कमी पी/ईला मिळायच्या, लाभांशही भरघोस. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ च्या मार्चमध्ये लंडनमधल्या त्यांच्या पावत्यांचे (परदेशात शेअरच्या बदल्यात विकल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांचे) व्यवहार थांबले आणि जागतिक निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयने रशियन शेअर आपल्या निर्देशांकातून जवळजवळ शून्य किमतीला काढून टाकले. तेल, वायू, पाइपलाइन सगळं जागेवर होतं. परदेशी भागधारकाचा हक्क तेवढा उरला नाही. चीनने २०२१ च्या जुलैमध्ये शालेय शिकवण्यांच्या धंद्यात नफा कमावण्यालाच बंदी घातली, तेव्हाही हेच झालं. म्हणून देश निवडताना ताळेबंद पाहण्याआधी मी बघते की ताबा नसलेला छोटा भागधारक तिथे कोर्टात कधी जिंकला आहे का.

कमी पी/ईचा आणखी एक सापळा आपल्या दारातच दिसला होता. २०२१ मध्ये कंटेनर मिळेना, भाडं काही पटींनी चढलं. जहाज कंपन्यांनी अभूतपूर्व नफा कमावला. न्यू यॉर्कला लिस्टेड असलेल्या झिम या इस्रायली कंपनीने २०२१ मध्ये साडेचार अब्ज डॉलरहून जास्त कमावले, २०२२ मध्येही तेवढेच. २०२२ च्या सुरुवातीला तिचा पी/ई दोनच्या आसपास होता, आणि अनेकांनी तो स्वस्त म्हणून घेतला. पण शांघायचा कंटेनर भाडे निर्देशांक २०२२ च्या जानेवारीत ५,००० च्या वर होता तो २०२३ च्या फेब्रुवारीत १,००० च्या खाली आला. २०२३ मध्ये झिमला २.७ अब्ज डॉलर तोटा झाला. चक्रात फिरणाऱ्या धंद्यात, मग तो पोलाद असो, साखर की जहाजं, पी/ई सर्वांत कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना. अशा कंपनीचा सात-दहा वर्षांचा सरासरी नफा घ्या आणि त्यावर भाव मोजा.

इथे नवी मुंबईकरांना एक सोय आहे. उरणच्या जेएनपीए बंदराशी ज्यांचा धंदा जोडलेला आहे, वाशी-बेलापूरला ज्यांची फ्रेट फॉरवर्डिंगची, म्हणजे मालवाहतूक जुळवून देण्याची, कार्यालयं आहेत, त्यांना भाडं उतरू लागल्याचं कुठल्याही अहवालाआधी कळतं. जागतिक बाजाराची माहिती न्यू यॉर्कला असते आणि आपण टोकाला बसलो आहोत, हा समज काढून टाका. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीटीसी पट्ट्यात, तुर्भे, महापे, रबाळ्याला, आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये लिस्टेड कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यांचे पुरवठादार आहेत. गेटवर नोकरभरतीची पाटी लागली का, पुरवठादाराला पैसे साठ दिवसांत मिळतात की दीडशे, हे विचारपूस केली तर समजतं. पण तिथल्या अकाउंट्समधल्या मित्राने जाहीर न झालेले निकाल सांगितले आणि त्यावर तुम्ही सौदा केलात, तर सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तो गुन्हा आहे. ही सीमारेषा पक्की लक्षात ठेवा.

रोकड भरपूर दिसणाऱ्या कंपन्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तुमच्या यादीत त्याच जास्त आहेत. ताळेबंदातली रोकड खरी आहे का? सत्यम या आयटी कंपनीच्या प्रमुखांनी ७ जानेवारी २००९ ला कबूल केलं की दाखवलेल्या रोकडीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी देशाच्या मुख्य निर्देशांकात होती; २०२० च्या जूनमध्ये तिचे १.९ अब्ज युरो सापडेनात. म्हणून मी पहिल्यांदा वर्षभरातलं व्याजाचं उत्पन्न घेते आणि सरासरी रोकडीने भागते. बँकेत सात टक्के मिळत असताना कंपनीला दोनच टक्के मिळत असतील तर कारण हवं. मग बघते, एवढी रोकड असताना कंपनी कर्ज का काढते? लाभांश का देत नाही? संबंधित पक्षांना, म्हणजे प्रमोटरच्या जवळच्या माणसांना आणि कंपन्यांना, उसने पैसे का दिले आहेत? ऑडिटर मुदत संपण्याआधी का गेला? हे सगळं वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत, टिपांमध्ये असतं. मी अहवाल मागूनच वाचायला घेते. हाँगकाँगला लिस्टेड असलेल्या, पण धंदा चीनच्या आत असलेल्या छोट्या कंपन्यांबाबत या तपासाशिवाय एक रुपयाही घालू नका.

माहिती मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. अमेरिकन कंपन्यांची सगळी कागदपत्रं एडगर या संकेतस्थळावर फुकट आहेत, जपानची एडिनेटवर, कोरियाची डार्टवर. २०२५ च्या एप्रिलपासून टोकियोच्या प्राइम विभागातल्या कंपन्यांना निकाल आणि महत्त्वाच्या घोषणा इंग्रजीतही द्याव्या लागतात. भाषेची भिंत खाली येते आहे, म्हणजे त्या भिंतीमुळे मिळणारी सूटही हळूहळू आटेल.

आता पैशांचं. चुकीचा भाव फक्त स्वस्तच असतो असं नाही. आपल्याकडे लोक चुकीच्या महाग भावाला परदेशी गुंतवणूक विकत घेतात. म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला सगळ्यांची मिळून सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे एक्स्चेंजवर विकले जाणारे फंड) वेगळी एक अब्जाची. ती भरत आल्यामुळे नवे युनिट तयार होईनात, आणि एक्स्चेंजवर अमेरिकेच्या नॅसडॅक निर्देशांकासारखे ईटीएफ एनएव्हीपेक्षा, म्हणजे युनिटमागच्या खऱ्या किमतीपेक्षा, महाग विकले जाऊ लागले, काही वेळा दोन आकडी टक्क्यांनी. शंभराची वस्तू एकशे बाराला घेऊन स्वस्ताईचा शोध कसा लागणार? ईटीएफ घेण्याआधी त्याची चालू एनएव्ही फंड कंपनीच्या साइटवर बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

थेट पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाखांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, जो विवरणपत्रात वळता होतो. तुमचे वर्षाचे तीन लाख त्याच्या खालीच आहेत. पण बँकेचा विनिमय दरातला फरक आणि पाठवण्याचं शुल्क दर महिन्याला छोट्या रकमेवर फार बोचतं. अमेरिकन लाभांशावर तिथे २५ टक्के कापले जातात. नफ्यावर इथे दोन वर्षांनंतर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, एक शेअर असला तरी. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: परदेशी माणूस वारला आणि त्याच्या नावावर अमेरिकेत ६० हजार डॉलरहून जास्त मालमत्ता असेल, तर वरच्या रकमेवर तिथला वारसा कर ४० टक्क्यांपर्यंत जातो. जपानमध्ये शेअर शंभराच्या गठ्ठ्यानेच घ्यावे लागतात. ३,००० येनचा शेअर म्हणजे एका सौद्याला दीड लाख रुपयांहून जास्त. तुमची सहा महिन्यांची बचत एका कंपनीत.

आणि एका कंपनीत घालायचं हे काम नाही. अमेरिकन गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांनी १९३९ मध्ये, युरोपात युद्ध पेटल्यावर, दहा हजार डॉलर उसने घेतले आणि अमेरिकन बाजारात एक डॉलरच्या खाली मिळणाऱ्या १०४ कंपन्यांचे शेअर घेतले. त्यातल्या ३४ दिवाळखोरीत होत्या. कोणती तगेल हे त्यांना ठरवायचंच नव्हतं. एकूण गठ्ठा स्वस्त आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. उसन्या पैशांचा भाग तुम्ही घेऊ नका, पसरण्याचा घ्या. मी कुठल्याही एका स्वस्त कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या वर जात नाही, आणि जिथे हिशेबाबद्दल थोडीही शंका आहे तिथे दोनच्या वर नाही.

तेव्हा तुमच्या २५ हजारांचं मी असं करेन. वीस हजार साध्या, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात जाऊ द्या. तिथे शोध घ्यायचा नाही. पाच हजार साठू द्या आणि पहिली दोन वर्षं शोध इथेच घ्या: पाचशे कोटींच्या खालच्या कंपन्या, ताजे डिमर्जर, राइट्स इश्यू (कंपनी जुन्या भागधारकांना आधी नवे शेअर देऊ करते तो). राइट्सचे हक्क २०२० पासून डिमॅट खात्यात जमा होतात आणि एक्स्चेंजवर विकता येतात, तरी कितीतरी भागधारक ना अर्ज करतात ना विकतात, आणि हक्क बुडतात. इथले अहवाल वाचायची सवय झाली की मग जपानकडे वळा.

पुढच्या बैठकीला तुमच्या यादीतल्या कोणत्याही तीन कंपन्या घेऊन या. प्रत्येकीसाठी एका पानावर लिहा: गेल्या आठ तिमाहींत कोणी विकलं, कोणी घेतलं, दहा वर्षांचा सरासरी नफा, व्याज भागिले रोकड, रोजचा सौदा, आणि पैसा भागधारकाकडे येण्याची एक ठरावीक वाट, तारीख किंवा नियमासकट. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच आणा, त्यात अंदाज भरू नका. हाँगकाँगची कंपनी असेल तर सर्वांत आधी तिचा मुख्य भागधारक कोण ते शोधा. त्या पानावर आपण दोघं मिळून बसू.